घाटाखाली दुरुस्ती, घाटावर परीक्षा

सकाळी ६

टायरची हवा पहाटे मोजायची. गाडी रात्रभर उभी असेल, टायर गार असेल, तरच गेजचा काटा खरं सांगतो. पाच-सात किलोमीटर पळून आलेल्या टायरची हवा तापून वाढलेली असते. म्हणून माझ्या दिवसात आधी गेज हातात येतो, पाना नंतर.

खामगावात माझं गॅरेज आहे. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला, ट्रकच्या कामात हात काळे केले आणि पुढे जुन्या मोटारींच्या चाका-पाट्यांच्या कामातच रमलो. इंजिन खोलणारे मिस्तरी गल्लोगल्ली सापडतात. गाडी वळणावर कशी वागते हे बघणारे थोडे. आमच्या जिल्ह्यात मात्र ते बघावंच लागतं. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेड राजा घाटावर. मधे अजिंठ्याची डोंगररांग. खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता थोड्याच वर्षांत लाटा मारू लागतो. त्यामुळे खामगाव-बुलढाणा अशा पन्नासेक किलोमीटरच्या एकाच फेरीत गाडीला आधी लाटा सोसाव्या लागतात आणि मग बोथ्याच्या घाटातली वळणं घ्यावी लागतात.

आजची गाडी काल संध्याकाळीच आली आहे. १९६६ ची फियाट ११०० डिलाइट, इंजिन १०८९ सीसी, मालक बुलढाण्याचे निवृत्त शिक्षक. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला त्यांना हीच गाडी घेऊन सिंदखेड राजाला जायचंय. थंडी चांगली पडली आहे, गॅरेजातलं पोरगं शटर वर करताना हातावर फुंकर मारतंय. मी चारही टायरची हवा वहीत लिहितो. पुढचा डावा चार पौंड कमी. टायरच्या कडेवरची अक्षरं वाचली आणि पहिला संशय तिथेच आला: पुढे दोन नवे रेडियल, मागे दोन जुने क्रॉसप्लाय.

मग टेप. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांवर मोजतो. माझ्या गॅरेजची फरशी गवंड्याकडून पाण्याच्या नळीने लेव्हल काढून घातलेली आहे. फरशीच उतरती असेल तर पुढचं सगळं मोजमाप व्यर्थ. पुढची डावी बाजू उजवीपेक्षा तीन सूत खाली. मागची बाजू मात्र भलतीच वर, शेपूट उचललेली.

सकाळी ७:३०

सर आले, पाठोपाठ चहा आला. त्यांच्या व्याह्यांचं घर जवळच आहे.

"मिस्तरी, घाट उतरताना मागून सरकते हो गाडी. आणि सपाटीवर डावीकडे ओढते."

"सर, ब्रेक दाबल्यावर ओढते की न दाबताही?"

"न दाबताही."

"आणि सरकते ती चढताना का उतरताना?"

"उतरताना. ॲक्सिलेटर सोडला की."

मी हे शब्दशः लिहून घेतो. चढताना सरकते की उतरताना, ब्रेकवर की मोकळी, एकट्याने की चार माणसं बसल्यावर, कोरड्या रस्त्यावर की ओल्या, एवढं नीट कळलं की निम्मं काम झालं. गाडी न उचलता दोष सापडू शकतो, विचारणाऱ्याला विचारता आलं पाहिजे.

वळणावर गाडी दोनच प्रकारे हात सोडते. एक, पुढची चाकं आधी पकड सोडतात. स्टेअरिंग फिरवूनही नाक बाहेरच जात राहतं. दुसरा प्रकार, मागची चाकं आधी सोडतात. शेपूट बाहेर येते आणि गाडी स्वतःभोवती फिरू बघते. इंजिनिअर लोक याला अंडरस्टिअर आणि ओव्हरस्टिअर म्हणतात. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेलेल्या मॉरिस ऑली या इंजिनिअरने १९३० च्या दशकात या गोष्टी मोजून, मांडून दाखवल्या. साध्या चालवणाऱ्यासाठी पहिला प्रकार बरा. नाक बाहेर जातंय असं दिसलं की माणूस आपसूक ॲक्सिलेटर सोडतो, आणि तेच औषध असतं. शेपूट सुटल्यावरही तो घाबरून ॲक्सिलेटरच सोडतो. तिथे तेच विष ठरतं. वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि उरलीसुरली पकडही जाते. सरांच्या गाडीचं नेमकं हेच चाललं होतं.

सकाळी ९

गाडी जॅकवर घेतली, खाली घोड्या लावल्या. पोरगं एकेक चाक वर-खाली धरून हलवतं, मग डावी-उजवीकडून धरून हलवतं. वर-खाली खडखड आली तर किंगपिन किंवा बेअरिंग, आडवी आली तर टाय रॉडचे जॉइंट. कुठली खडखड कुठून येते ते कानापेक्षा बोटाला आधी कळतं. म्हणून एक हात चाकावर, दुसऱ्या हाताचं बोट जॉइंटवर ठेवायचं.

फियाटची पुढची बांधणी तिच्या काळाच्या मानाने उत्तम. १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेली ही गाडी दांते जाकोसा या इटालियन इंजिनिअरच्या हाताखाली घडली. पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक, खाली एक असे दोन हात, मधे कॉइल स्प्रिंग. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला त्याची खबर नसते. मागे मात्र सरळ आडवा ॲक्सल आणि त्याखाली पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. एवढ्या साध्या बांधणीवर ही गाडी आपल्याकडे जवळजवळ अर्धं शतक चालली.

पुढचा किंगपिन ठीक निघाला. ग्रीस मात्र निपलमध्ये दगड झालेलं. ग्रीस गन लावली तर बाजूने फुटत होतं. निपल बदलले, नवं ग्रीस जाऊन जुनं काळं बाहेर येईपर्यंत गन मारली. डावीकडच्या खालच्या हाताचा बुश पार झिजून बसला होता. टॉमी लावून उचललं की हात मागे-पुढे दिसेल इतका सरकायचा. डावीकडे ओढण्याचं आणि तीन सूत खाली बसण्याचं मूळ इथे होतं. चाक ज्या आसाभोवती वळतं तो जरा मागे कललेला असतो, त्याला कास्टर म्हणतात. त्याच्यामुळेच वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं. एका बाजूचा हात ढिला झाला की त्या बाजूचा कास्टर बिघडतो आणि गाडी तिकडे ओढली जाते. लोक मात्र अलायमेंट करून घेतात, वर पैसे मोजतात. ढिल्या बुशावर केलेलं अलायमेंट पहिल्या गतिरोधकापर्यंत टिकतं.

हात उतरवून पोराला लेथवाल्याकडे पिटाळलं, जुना बुश दाबून काढून नवा बसवायला. बुश हातोडीने ठोकून बसवला तर तिरका बसतो. आणि नट शेवटचा कसायचा तो गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. हात लोंबकळत असताना कसला तर बुशाला कायमचा पीळ राहतो.

सकाळी ११

आता मागची बाजू. यू-बोल्ट सोडले, पाट्याचा गठ्ठा खाली उतरवला.

"उस्ताद, हा एक पाटा जादा दिसून राह्यला," पोरगं म्हणालं.

होताच. बाकीच्या पाट्यांचा गंज जुना, याचा रंग वेगळा. कुणीतरी आधी गाडी बसते म्हणून एक पाटा वाढवला होता, वर पाट्याचं मागचं टोक टांगणाऱ्या शॅकलही लांब घातल्या होत्या. आमच्याकडे हा रोगच आहे. लग्नाला सात माणसं बसवायची, डिकीत बिछाने कोंबायचे, आणि गाडी टेकली की पाटा वाढवायचा.

पाट्याचं गणित सरळ आहे. सारख्या जाडीचे पाच पाटे असतील आणि सहावा घातला तर कडकपणा एक पंचमांशाने वाढतो. जाडीचं मात्र वेगळं: पाटा दुप्पट जाड केला तर तो एकटा आठपट कडक होतो. कॉइल स्प्रिंगचं असंच. शहरातली पोरं गाडी बसकी दिसावी म्हणून स्प्रिंगचा वेढा कापतात. आठ वेढ्यांतला एक कापला तर उंचीबरोबर स्प्रिंग सातवा हिस्सा कडकही होते, आणि चाकाला वर जायला जागा कमी उरते.

मग कडक पाट्याने शेपूट का सुटते? गाडी वळणावर असते तेव्हा आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जाणार हे वेग, वळणाची गोलाई, गाडीच्या भाराची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यांवर ठरतं. स्प्रिंग मऊ की कडक याने एकूण वजनात फरक पडत नाही. गाडी कमी झुकली म्हणजे वजन कमी सरकलं, ही समजूत चुकीची. स्प्रिंग फक्त वाटणी ठरवते: सरकलेल्या वजनातला किती हिस्सा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या. जी बाजू कडक, तिच्या वाट्याला जास्त. आणि टायरवर वजन दुप्पट टाकलं म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणून ज्या जोडीला जास्त वाटणी, ती जोडी आधी पकड सोडते. मूळ कारखान्याने पुढे स्टॅबिलायझर बार देऊन वाटणी पुढच्या जोडीकडे झुकवली होती, म्हणजे नाक आधी बोलावं. जादा पाट्याने ती वाटणी मागे ओढली.

लांब शॅकलने त्यात भर घातली. पाट्याचं पुढचं टोक, म्हणजे डोळा, ॲक्सलपेक्षा जरा खाली असला तर गाडी झुकल्यावर मागचा ॲक्सल स्वतःच किंचित वळणाच्या आतल्या बाजूला फिरतो आणि शेपूट धरून ठेवतो. मागून गाडी उचलली की डोळाही वर जातो, ॲक्सल उलट फिरू लागतो. म्हणजे चालवणारा एक स्टेअरिंग फिरवतोय आणि मागचा ॲक्सल दुसरं. वर पुढे रेडियल, मागे क्रॉसप्लाय. रेडियल टायरचं पेटंट मिशलँ कंपनीने १९४६ साली घेतलं. त्याची कड लवचीक, पण रस्त्याला टेकणारा पट्टा पोलादी, ताठ. वळणावर तो लगेच चावतो. क्रॉसप्लाय तेवढीच पकड द्यायला जास्त तिरका चालतो. पुढची जोडी चटकन वळणार आणि मागची रेंगाळणार, मग शेपूट बाहेर येणार नाही तर काय? टायर मिसळायचेच झाले तर रेडियल मागे. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय, हे कधीच नाही.

जादा पाटा काढला. उरलेले पाटे घासून साफ केले, मधे ग्राफाइटचं ग्रीस लावलं. कमान दोन्ही बाजूंची सारखी आहे का ते जमिनीवर उलटे ठेवून ताडून पाहिलं. एक पाटा बसलेला होता, तो पाटेवाल्याकडे गेला. म्हातारा पाटेवाला तो तापवत नाही; थंडच ऐरणीवर ठेवून बोट-बोट अंतरावर हातोडीचे ठोके देत कमान परत आणतो. भट्टीत लाल करून वाकवलेला पाटा नीट पाणी न दिल्यास महिन्याभरात पुन्हा बसतो, किंवा घाटात तुटतो.

दुपारी १

डबा. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा. सर आमच्याबरोबरच बसले.

जेवताना गोष्ट निघाली या गाडीच्या कुर्ल्याच्या कारखान्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० आली. सरांची डिलाइट ही त्यातलीच. १९७३ ला हीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४ पासून पद्मिनी. मुंबईत तिची शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

सरांना गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची आहे. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा वेगळा क्रमांक मिळतो. अट अशी की चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा, गाडी मूळ रूपात असावी. मी सरांना म्हटलं, "नियम फक्त वरवरचं बघतो. खाली पाटेही मूळच असू द्या."

दुपारी २

मागचे पाटे चढले, पुढचा हात बसला. मागे नवे दोन रेडियल आले, पुढच्यांच्याच मापाचे आणि जातीचे. गाडी खाली उतरवून आधी अंगणात चार वेळा पुढे-मागे ढकलायची, बंपरवर बसून दाबायची, म्हणजे चाकं आपल्या जागी बसतात. मग सरांच्या वजनाचं एक पोतं चालकाच्या जागी. गाडी रिकामी मोजून काय उपयोग? ती रिकामी धावत नाही.

आता ओळंबा आणि सूत. मोठ्या दुकानांत लेझरवाली यंत्रं आहेत, पण त्यांच्या संगणकात १९६६ च्या फियाटचा आकडा नसतो. मडगार्डवरून ओळंबा सोडायचा, चाकाच्या रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर मोजायचं; त्या फरकातून चाक आत कललं आहे की बाहेर, म्हणजे कॅम्बर, ते कळतं. दोन्ही बाजूंना गाडीला समांतर सूत ताणायचं आणि चाकाच्या पुढच्या व मागच्या कडेचं अंतर घ्यायचं. त्यातून टो-इन मिळतं. मागच्या चाकाने चालणाऱ्या अशा गाडीत पुढची चाकं पुढून किंचित जवळ हवीत, दोन-तीन मिलिमीटर. धावताना रस्त्याचा विरोध त्यांना बाहेर ढकलतो आणि ती सरळ होतात. टो-आउट राहिलं तर गाडी सरळ रस्त्यावर कुत्र्यासारखी हुंगत चालते, हातात स्थिर बसत नाही.

बुश बदलल्यावर डाव्या-उजव्या बाजूंतला फरक तीन सुतांवरून अर्ध्या सुतावर आला. टाय रॉड फिरवून टो-इन जुळवलं. दोन्ही रॉड सारखेच फिरवायचे, नाहीतर गाडी सरळ जाते पण स्टेअरिंग वाकडं राहतं आणि मालकाला वाटतं मिस्तरीने फसवलं. शेवटी प्रत्येक कोपरा दाबून सोडला. शॉकअप चांगला असेल तर कोपरा वर येऊन जागेवर थांबतो. पुन्हा पुन्हा झुलला तर शॉकअप गेला. हे चारही ठीक निघाले.

दुपारी ३:१५

शेगावच्या एका व्यापाऱ्याची ॲम्बेसेडर दारात लागली. उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत बनलेली ही गाडी मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्या पुढे कॉइल नाही, टॉर्शन बार आहे: लांब पोलादी दांडा, जो पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करतो. पुढून एका बाजूने बसली म्हणून रबर ठोकून आणलेली. रबर काढून टाकलं. टॉर्शन बारच्या मागच्या टोकाच्या दात्यांची जागा बदलून उंची परत आणता येते, पण त्याला निवांत वेळ हवा. उद्याची तारीख दिली.

तेवढ्यात जळगाव खान्देशहून फोन. एका हौशी गृहस्थाकडे स्टँडर्ड हेराल्ड आहे, मागचं चाक घाटात आत दुमडतं म्हणतात. खरं आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने साठच्या दशकात ट्रायम्फची ही गाडी इथे बनवली. मागे आडवा एकच पाटा आणि दोन्ही बाजूंना मधल्या डिफरन्शियलपाशी हलणारे अर्धे ॲक्सल. गाडी वळणात जोरात असताना चालवणाऱ्याने ॲक्सिलेटर सोडला की मागची बाजू वर उचलली जाते, बाहेरचं चाक पोटाखाली कलतं आणि टायर कडेवर उभा राहतो. मागे असेच अर्धे ॲक्सल असलेल्या शेव्हरले कोर्व्हेरवर राल्फ नेडर यांनी १९६५ साली 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकात तोफ डागली. ट्रायम्फनेही १९७० च्या स्पिटफायरमध्ये तो पाटा मधोमध मोकळा फिरेल असा बसवून दोष बराच कमी केला, आणि आपल्याकडच्या स्टँडर्डने १९७२ च्या गॅझेलला सरळ ॲक्सलच घातला. त्या गृहस्थांना एवढंच सांगितलं: मागे पाटा कडक करू नका, मागच्या टायरला पुढच्यापेक्षा हवा जास्त ठेवा, आणि वळणाच्या आत ॲक्सिलेटर झटकन सोडू नका. हळू व्हायचं ते वळणाच्या आधी.

दुपारी ४:१५

सरांना शेजारी बसवून निघालो. टेस्ट घाटातच घ्यायची. सपाटीवरचा लांबलचक सरळ रस्ता काही सांगत नाही. आता मेहकर, सिंदखेड राजाजवळून समृद्धी महामार्ग गेला आहे. तिथे ताशी १२० ने जाणाऱ्याला आपल्या गाडीचं वळण कधी कळतच नाही.

घाटाखालच्या लाटांवर पहिली परीक्षा. पुढची चाकं लाट ओलांडतात, क्षणभराने मागची. मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा थोडी जलद झुलली तर ती पुढच्याला गाठते आणि गाडी पाळण्यासारखी डुलत राहत नाही, सपाट होते. हेही ऑलीनेच दाखवलं. म्हणून मागचा पाटा थोडा कडक असतोच, पण थोडाच. मऊ गाडी मिनिटाला साठ-ऐंशी झोके घेते, माणसाच्या चालीच्या जवळपास, म्हणून ती अंगाला लागत नाही. जादा पाटा होता तेव्हा सरांची गाडी मागून उडायची. आज मागच्या सीटवरची पिशवी जागची हलली नाही.

मग ज्ञानगंगा अभयारण्याच्या हद्दीतून बोथ्याचा घाट. इथे अस्वल आहे, बिबट्या आहे, आणि रोही, म्हणजे नीलगाय, कधी आडवा येईल त्याचा नेम नाही. १९९७ साली स्वीडनमध्ये पत्रकारांनी मर्सिडीजची नवी ए-क्लास गाडी आडव्या आलेल्या सांबरासारख्या जनावरापासून वाचवायची चाचणी घेतली आणि गाडी उलटली. त्या जनावराला एल्क म्हणतात. आमच्याकडे त्याच्या जागी रोही. झटकन डावीकडे, लगेच उजवीकडे अशा दोन झोक्यांत गाडी एका बाजूला झुकलेली असतानाच दुसरीकडे फेकली जाते, आणि गेलेला शॉकअप तिथे खरा दगा देतो. म्हणून इथे वेग कमीच ठेवायचा, हॉर्नही उगाच नाही.

आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० ने गेलात तर बाजूचा जोर गाडीच्या वजनाच्या साधारण पाव भागाएवढा. ४० ला तो चार दशांशांच्या वर जातो. ६० ला जवळजवळ गाडीच्या वजनाएवढा, आणि तेवढी पकड जुन्या टायरकडे नसते. वेग दीडपट केला की जोर सव्वादोन पट. चाळिशीलाच या हलक्या गाडीत शे-दोनशे किलो वजन बाहेरच्या चाकांवर सरकलेलं असतं.

पहिल्या चढाच्या वळणाला दुसरा गिअर, कॉलमवरचा दांडा खाली ओढून. ब्रेक सरळ रस्त्यावरच संपवला, स्टेअरिंग एकदाच सलग फिरवलं, वळणाच्या मध्यापासून ॲक्सिलेटर हळूहळू दिला. गाडी झुकली, झुकून थांबली आणि तशीच गेली. सर दाराचं हँडल धरून बसलेले. चार वळणं वर जाऊन, मोकळी जागा बघून गाडी वळवली आणि तीच वळणं उतरलो, कारण तक्रार उताराची होती. उतारावर वजन आधीच पुढे असतं. मुद्दाम, वेग कमी ठेवून, वळणाच्या मध्यात ॲक्सिलेटर सोडला. सकाळपर्यंत इथे शेपूट निघाली असती. आता नाक किंचित आत आलं, बस्स. उलट दुसऱ्या एका वळणाला नाक जरा बाहेर जातंय असं वाटलं, तेव्हा पुढच्या टायरना दोन पौंड हवा वाढवली आणि पुन्हा उतरून पाहिलं. नाक लगेच शहाणं झालं. दोष असतील तेवढे एकदम काढावेत. पण सेटिंग करताना एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

"आता तुम्ही चालवा सर."

सरांनी घेतली. दोन वळणांनंतर त्यांची बोटं स्टेअरिंगवर सैल झाली. तिसऱ्या वळणाला ते बोलायला लागले.

संध्याकाळी ६

उजेड असतानाच जंगल ओलांडून बुलढाणा गाठलं. सरांच्या दारात ड्रम हाताने तपासले. चारही साधारण सारखे तापलेले, म्हणजे कुठला ब्रेक चिकटत नाही. काढलेला जादा पाटा आणि लांब शॅकल मी मुद्दाम सोबत आणल्या होत्या, त्या त्यांच्या ताब्यात दिल्या.

"हे ठेवू कशाला?"

"पुढचा मिस्तरी पुन्हा घालायला निघाला, तर दाखवा. सांगा, घालून पाहिलंय."

पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा कसून घ्या, हेही बजावलं. नव्याने बांधलेला गठ्ठा बसतो आणि बोल्ट ढिले पडतात.

रात्री ८:३०

एसटीने परत खामगाव. आजच्या गाडीचं पान वहीत पूर्ण केलं: आधीची उंची, नंतरची उंची, टो-इन, चारही टायरची हवा, घाटात केलेला बदल. बिलात सगळ्यात मोठा आकडा दोन टायरचा, मग मजुरी, आणि सगळ्यात लहान आकडा बुशाचा, ज्याने अर्धा दोष गेला.

जुनी गाडी बाळगणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. पैसे खर्च करायचे तर क्रम हाच ठेवा: आधी चारही टायर एका जातीचे आणि त्यांची हवा, मग बुश आणि किंगपिनचं ग्रीस, मग शॉकअप, आणि सगळ्यात शेवटी अलायमेंट. पाटा वाढवू नका, स्प्रिंग कापू नका. गाडी वळणावर झुकते म्हणून घाबरू नका. ती झुकण्यासाठीच बनवली आहे. कडक गाडी आणि चांगली गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.